बाई विश्वासू हवी, आणि आपण?

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. दहावीला माझ्याकडे मराठी शिकलेली मुलगी. आता बँकेत आहे, नवरा इंजिनिअर आहे, बाळ पाच महिन्यांचे झाले आहे आणि पुढच्या महिन्यात तिची रजा संपते. सलाम-दुआ झाली आणि ती मुद्द्यावर आली. ‘मॅडम, मुलाला सांभाळायला एखादी विश्वासू बाई असेल तर सांगा ना. तुमची ओळख फार. आणि आपल्यातलीच बघा.’

मी विचारले, बाई कशी हवी? तिच्याकडे यादी तयारच होती. वय तीस ते पंचेचाळीस. स्वच्छ. नमाजी असेल तर उत्तम. तिला लहान मूल नको, म्हणजे सुट्ट्या होणार नाहीत. मोबाइलवर बसणारी नको. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. बाळ झोपले की कपडे घड्या करणे, भाजी निवडणे, ‘असली हलकी कामे’. पगार तीन हजार.

मी मराठीची शिक्षिका असले तरी एवढे गणित मला येते. दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे 260 तास. तीन हजारांना भागले की तासाला साडेअकरा रुपये. माझ्या घरासमोरच्या टपरीवर एवढ्यात एक चहा येतो. ज्या जिवासाठी तुम्ही रात्र-रात्र जागता, ज्याला जरा ताप आला तर शहरातला सगळ्यात महागडा बालरोगतज्ज्ञ गाठता, त्याच्या राखणीचा भाव तासाला एक चहा. आणि वर अट अशी की बाई विश्वासू पाहिजे!

तिला मी तेव्हा काही बोलले नाही. बघते म्हणाले. पण तेव्हापासून डोक्यात जे घोळते आहे ते इथे लिहून मोकळी होते, कारण हा फोन तिच्या एकटीचा नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मला असा एक फोन येतो. प्रत्येकीचे गाऱ्हाणे तेच, की हल्ली विश्वासाची माणसे राहिली नाहीत. माझे म्हणणे असे आहे की माणसे आहेत. विश्वास ठेवण्यासारखे आपण किती आहोत, हा हिशेब राहिला आहे.

आधी माझाच गुन्हा सांगते, म्हणजे मी मिंबरवर चढून वाज करते आहे असे कुणाला वाटायला नको.

2012 साली मी शिक्षणसेविका होते. मानधन महिन्याला आठ हजार. सोलापुरातच घर, सासूबाईंचे गुडघे गेलेले, मुलगी सात महिन्यांची. ओळखीतून एक बाई मिळाली. चाळिशीची, नवरा यंत्रमागावर टॉवेलच्या खात्यात, स्वतः घरी बिड्या वळणारी. मुलगी पुढे तिला खाला म्हणायला लागली, म्हणून इथेही खालाच म्हणते. पगार ठरला पंधराशे. माझ्या मानधनात त्याहून जास्त बसत नव्हते, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. घरात दुसराही एक पगार होता याचा विचार माझ्या मनात आला नाही, आणि आमच्या ह्यांच्या मनात तर नाहीच नाही. त्यावर पुढे येते.

खालाने पहिल्याच दिवशी विचारले, ‘टीचर, बच्ची सोती तब मैं सूप लेके बैठूं क्या?’ सूप म्हणजे तेंदूची पाने, तंबाखू आणि दोऱ्याचा गुंडा ठेवलेले बिडीचे सूप. सोलापुरात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना सांगायला नको. मी नाही म्हणाले. तान्ह्या मुलीशेजारी तंबाखूची धूळ नको, हे माझे म्हणणे चूक नव्हते. पण त्या एका ‘नाही’त तिची दिवसाची हजारी बुडाली, आणि ती मी भरून दिली नाही. बिडीवाल्या बाईची मजुरी कमी असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्या मागे तेव्हा 1966 चा बिडी-सिगार कामगारांचा कायदा होता, 1976 चा कल्याण निधी आहे, कार्ड आहे, फंड आहे, पोरांना शिष्यवृत्ती आहे. संघटना करून याच बायकांनी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली. ते सगळे सोडून जी बाई माझ्या दारात आली, तिच्या मागे कोण होते? मीच. आणि मी काय केले, ते ऐका.

पावसाळ्यात तिच्या धाकट्याला डेंगी झाला. खाला पाच दिवस आली नाही. शेजारच्या मुलाकडून निरोप पाठवला होता, तो मला दुसऱ्या दिवशी मिळाला. त्या पाच दिवसांत माझ्या किरकोळ रजा गेल्या, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली, घरी सासूबाईंची. महिना संपला तेव्हा मी तिचे पाच दिवसांचे पैसे कापले. तिने नोटा मोजल्या, काही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मग मी स्टाफरूममध्ये, माहेरी, दोन-तीन लग्नांत, जिथे विषय निघेल तिथे सांगत सुटले, ‘बाई भरोशाची नव्हती.’

माझ्या रजा किरकोळ असल्या तरी पगारी होत्या. माझे मूल आजारी पडले तर मला रजा, तिचे पडले तर तिला दंड. हे माझ्या ध्यानात यायला दीड महिना आणि दोन नव्या बाया लागल्या. पहिली चार दिवस टिकली. दुसरीकडे माझी मुलगी दुपारी तीन-तीन तास झोपायला लागली आणि संध्याकाळी डोळे जड, अंग सैल. डॉक्टरांनी विचारले, सर्दीचे औषध कोण देते? बाटली अर्धी झाली होती. ती बाई वाईट नव्हती. ती माझ्याकडचे काम आटपून आणखी दोन घरची धुणीभांडी करत होती आणि पोरगी झोपली तर तिची पाठ टेकत होती. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन झोपवून जात, हे शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींत आहे. थकलेल्या बाईच्या हातात रडते मूल दिले आणि तिसरे माणूस कुणी नसले की हे होते. आईच्या हातूनही होते.

मग मी खालाच्या घरी गेले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. माझे मूल रोज दहा तास ज्या बाईच्या मांडीवर, तिचे घर मी पाहिलेले नव्हते! पत्र्याची एक खोली, धाकटा बरा होऊन अंगणात खेळत होता. मी माफी मागितली आणि कापलेले पैसे पुढे केले. तिने ते घेतले, चहा टाकला आणि म्हणाली, ‘बीमारी का पैसा कायकू काटे टीचर? मैं मजे करने गई थी क्या?’ मला अजून त्याचे उत्तर सापडलेले नाही.

ती परत आली, पण अटींवर, आणि अटी तिने घातल्या. पगार पंचवीसशे. महिन्याला चार पगारी सुट्ट्या, आजारपण वेगळे. ईदेला एक महिन्याचा जादा पगार. आणि एक तारखेला पैसे, माझा पगार झाला असो वा नसो. ही शेवटची अट मला लागली. आमचे पगार कधी दहा तारखेला, कधी वीसला होत, मग तिचे त्याच्याही पुढे. पण तिच्या घरमालकाला आमच्या पगाराची वाट पाहायची सवय नव्हती. खाला आमच्याकडे पुढे सहा वर्षे राहिली. मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिला शाळेत सोडायला आम्ही दोघी गेलो होतो.

आता जरा आपल्या घरातल्या घरात बोलू.

रबीउल-अव्वलमध्ये हलीमा सादियांचा किस्सा ऐकला नाही असा मुसलमान सापडणार नाही. बनू सादच्या बाया मक्केत तान्ही मुले सांभाळायला न्यायला आल्या, यतीम मुलाकडून काय मिळणार म्हणून बाकीच्यांनी पाठ फिरवली, हलीमांनी त्या मुलाला उचलले. आपण रडतो, दरूद पढतो. पण एक गोष्ट आपल्या कानावरून निघून जाते. त्या मजुरीवर काम करणाऱ्या बाया होत्या. पैशासाठी आल्या होत्या आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नव्हता. ज्या हातांनी प्रेषितांना (सल्ल.) वाढवले ते कामाचे हात होते. पुढे त्या भेटायला आल्या तेव्हा प्रेषितांनी त्यांच्यासाठी आपली चादर अंथरली, असे सीरतच्या ग्रंथांत येते. दुसऱ्या उम्मे ऐमन. हबशी बाई, मूळची घरातली गुलाम. आई वारल्यावर सहा वर्षांच्या मुलाला अबवाहून मक्केला घेऊन आल्या त्या याच. प्रेषित त्यांना आईच्या जागी मानत, आणि त्यांच्यानंतर हजरत अबू बक्र आणि हजरत उमर त्यांच्या घरी भेटीला जात. शरियतने तर पुढे जाऊन दूध पाजणारीला आईचेच नाते दिले, लग्नाच्या मनाईपर्यंतचे.

आणि तरीही मजुरी माफ केली नाही. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत आणि सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत दूध पाजणाऱ्या स्त्रीचा मोबदला रीतीप्रमाणे द्या असे स्पष्ट आहे. आई म्हणणे आणि मजुरी देणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आपण मात्र उलटे शिकलो. ‘आम्ही तिला घरच्यासारखी वागवतो’ हे वाक्य माझ्या अनुभवात पगार कमी असलेल्या घरांतच जास्त ऐकू येते. घरच्यासारखी म्हणजे कशी? तिचा कप खिडकीत वेगळा उपडा ठेवलेला असतो. सोफ्यावर बाळाला घेऊन ती बसली की सासूबाईंच्या कपाळाला आठी. घरच्यांपैकी कुणाचा कप वेगळा असतो?

याहून वाईट प्रकार रमजानचा. वर्षभर बाईला कमी पगार द्यायचा आणि रमजानमध्ये जकातीचे चार-पाच हजार तिच्या हातावर ठेवायचे, वर सांगायचे, ‘आम्ही तिचे खूप करतो.’ जकात ही कामाचा मोबदला होऊ शकत नाही. ती गरीब असेल तर जकात तिला जरूर द्या, पण ती पगाराच्या किंवा ठरलेल्या बक्षिसाच्या जागी धरली तर जकात अदाच झाली नाही. आपल्या मोहल्ल्याच्या मौलानांना विचारून पाहा, कुठल्याही मसलकचे असोत. अल्लाहचे देणे आणि बाईचे देणे एकाच नोटेत भागवायला निघालेल्या माणसाने विश्वासू बाईची यादी करू नये.

आता ‘आपल्यातलीच बघा’. हे ऐकले की मला पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत नाव बदलून कामाला जाणाऱ्या आपल्या बाया आठवतात. खरे नाव सांगितले तर दार बंद होते म्हणून टिकली लावून, दुसऱ्या नावाने त्या दुसऱ्यांची मुले सांभाळतात आणि ईदेच्या सुट्टीसाठी गावाकडच्या लग्नाचे निमित्त काढतात. घर भाड्याने मिळत नाही म्हणून आपण रडतो, आणि ते रडणे खरेच आहे. मग दारात आलेल्या बाईला तिची जमात, बिरादरी, मजहब विचारताना आपली जीभ का अडखळत नाही? मुलाला कलिमा शिकवणे तुमचे काम आहे, ते तीन हजारांत दुसऱ्यावर टाकता येत नाही. घरात काय शिजते आणि काय चालत नाही हे पहिल्या दिवशी सांगितले की कुठलीही शहाणी बाई ते पाळते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचा मुलगा सांभाळणारी मावशी विठ्ठलाची माळकरी आहे. माळकरी असल्याने मटणाचा प्रश्नच त्या घरात उलटा झाला. तिच्यासमोर ही मंडळी मटण करत नाहीत, ती संध्याकाळी गेल्यावर करतात. पाच वर्षे झाली.

बिरादरीतलीच हवी म्हणता-म्हणता आपण कुठे पोहोचतो तेही सांगते, कारण ते माझ्या हजेरीपटावर दिसते. सातवीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर आली नाही. घरी विचारले तर, ‘मामू के घर गई, वहीं पढ़ेगी.’ चार महिन्यांनी कळले की मामू लांबचा, पुण्याचा, नवरा-बायको दोघे नोकरीला आणि घरात आठ महिन्यांचे बाळ. शाळा कुठली नाहीच. बारा वर्षांची पोर आठ महिन्यांचे बाळ दिवसभर सांभाळत होती. पगार? ‘तिचे जेवण, कपडे, पुढे लग्नात मदत.’ आणि वर सवाब. गरीब नातेवाइकाची मुलगी पोसल्याचा सवाब!

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे, आणि 2016 च्या दुरुस्तीने त्या वयाच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवणे गुन्हा झाले. पण कायदा राहू द्या. त्या घराला हे कळत नव्हते का, की बाळ कॉटवरून पडले, दुधाने ठसका लागला, गॅस उघडा राहिला तर बारा वर्षांची मुलगी काय करील? तिच्यावर त्यांनी विश्वास टाकला नव्हता. ती उलटून बोलणार नाही आणि पळून जाणार नाही, याचा फक्त भरोसा होता. मुलीला परत आणायला मला आणि मुख्याध्यापकांना सात फेऱ्या पडल्या. ती आठवीत पुन्हा बसली. मात्र ते पुण्याचे घर आजही म्हणते की सोलापूरवाल्यांनी आमची बाई फोडली.

आता आमच्या ह्यांच्याकडे येते. सगळ्या घरांत हिशेब असा होतो: हिचा पगार अमुक, बाईला देणार तमुक, मग हातात राहते काय? त्यापेक्षा नोकरी सोड. मुलाला सांभाळणारीचा पगार आईच्याच पगारातून का वजा होतो? मूल एकटीचे आहे का? सूरह बकराच्या त्याच आयतीत खर्चाची जबाबदारी बापावर टाकली आहे, नाव घेऊन. एरवी शरियतच्या नावाने घर डोक्यावर घेणारे पुरुष ही आयत फार हळू आवाजात वाचतात. खाला परत आली तेव्हा पंचवीसशेपैकी पंधराशे आमच्या ह्यांनी दिले. त्या दिवसापासून ते खालाशी बोलायलाही लागले. बाळाने काय खाल्ले, शी झाली का, हे प्रश्न ते विचारू लागले. पैसा गेला की माणूस लक्ष घालतो.

मी असे म्हणत नाही की पगार चांगला दिला की डोळे मिटावेत. आपले मूल बोलू शकत नाही, तेव्हा आईने संशयी असलेच पाहिजे. रजा संपायच्या आधी निदान तीन आठवडे बाईला घरी बोलवा आणि तुम्ही घरात असताना तिला काम करू द्या, पगार देऊन. आधीच्या घरी फोन करू नका, जाऊन या, आणि ती का गेली हे दोघींकडून ऐका. आधारची प्रत घ्या, तिचे घर पाहा, तिला तुमची शाळा किंवा ऑफिस दाखवा. घरकामगार मंडळात तिची नोंदणी नसेल तर करून द्या. महाराष्ट्रात 2008 चा कायदा आहे. औषध फक्त तुम्ही द्याल हे पहिल्या दिवशी सांगा, आणि बाटली वर ठेवा. मधूनच अवेळी घरी या. आणि मुलाकडे पाहा. सकाळी बाई दारात आली की ते तिच्याकडे झेपावते की तुमच्या गळ्याला आवळून धरते? पहिल्या आठवड्यात सगळीच रडतात. महिन्यानंतर रडणे थांबले नाही, खाणे-झोपणे बदलले, अंगावर खुणा दिसल्या, तर चौकशी आणि निर्णय त्याच दिवशी. तिथे मुरवत नको.

कॅमेऱ्याबद्दल विचारतात. लावायचा तर तिला सांगून लावा. चोरून पाळत ठेवण्याला कुरआनात सूरह हुजुरातमध्ये मनाई आहे, आणि व्यवहारातही ते फसते. ज्या दिवशी तिला कळते त्या दिवशी ती जाते, आणि तिचे बरोबर असते.

आणि हे सगळे एकेका घरानेच का करायचे? अंगणवाडी 1975 पासून आहे, पण ती दुपारीच बंद होते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे, असे 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभाच्या कायद्यात आले. आमच्या शाळेत आम्ही बावीस जण. मग कोण? मी आमच्या भागातले शादीखाने मोजले. चालत जाण्याच्या अंतरावर चार. सोमवार ते गुरुवार दिवसभर कुलूप, पंखे आहेत, पाणी आहे, मोऱ्या आहेत, चंद्याच्या पावत्या फाडायला माणसे आहेत. पाळणाघर एकही नाही. खालासारख्या चार बायांना नीट पगार दिला, आईबापांकडून फी घेतली आणि गरिबांच्या पोरांसाठी सदक्याचा एक डबा ठेवला, तर वीस मुले तिथे वाढू शकतात, एकमेकांच्या देखत, चार डोळ्यांसमोर. बंद दाराआड काय होते ही भीतीच राहत नाही. हे मी एका ट्रस्टीसाहेबांना बोलले. ते म्हणाले, ‘टीचर, बायका घरी बसल्या तर याची गरजच काय?’ त्यांच्या स्वतःच्या दोन्ही सुना डॉक्टर आहेत. त्यांच्या घरी कोण मुले सांभाळते ते मला माहीत आहे. ती माझीच विद्यार्थिनी होती, नववीत शाळा सुटलेली.

परवा त्या बँकेतल्या मुलीला मी ते गणित पाठवले, तासाला साडेअकरा रुपयांचे. दिवसभर उत्तर आले नाही. रात्री आले, ‘मॅडम, नऊ हजार आणि चार सुट्ट्या चालतील का? हे अर्धे देतो म्हणालेत.’ मी खालाला फोन लावला. तिची सून घरी बसून आहे, दोन मुले वाढवलेली, हात चांगला आहे. खाला म्हणाली, नऊ ठीक आहे, पण आधी बाळाच्या बापाला घेऊन तिला आमच्या घरी यायला सांगा, बसून बोलू. रविवारी जाणार आहेत.